कोपरा फाडलेलं कार्ड

आमच्या घरात माय पहिल्यांदा मेली तेव्हा ती अंगणात बसून तांदूळ पाखडत होती. मी ओसरीवर पोस्टकार्ड घेऊन बसले होते आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या मरणाचा मजकूर लिहीत होते. मध्येच तिनं सूप खाली ठेवलं.

"कायनं मेली म्हून लिवलं?"

"तापानं."

"ताप नोको लिवू. ताप चार दिवस रायते, मंग लोक म्हनते पयलेच काऊन नाई कळवलं. हगवन लिव. हगवनीत मानूस पटकन जाते."

मेल्याच्या कार्डात कुणी खाडाखोड करत नाही, म्हणून ते कार्ड वाया गेलं. त्याबद्दल तिनं मला एक शिवी दिली आणि दुसरं कार्ड काढायला लावलं. ते लिहून झाल्यावर मी त्याचा कोपरा फाडला. कोपरा फाडलेला असला की अक्षर न ओळखणाऱ्यालाही कार्ड हातात पडताच कळतं आणि तो आंघोळीला उठतो. माय सुपातून मान वर न करता म्हणाली, "जास्ती नोको फाडू. एवढी मोठी नाई मी."

हे वेड कशापायी, ते आता सांगते. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव तिरोड्याकडचं, बोदलकशाच्या तलावाच्या अलीकडे. धानाच्या थोड्या बांध्या, एक बैलजोडी. वडील लवकर गेले, शेती काका बघायचा. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून मी माहेरी परत आले होते, आणि परत आलेल्या मुलीकडून जी कामं करून घ्यायची ती सगळी माझ्याकडून करून घेतली जात होती. घरात लिहिता-वाचता येणारी दोघंच, मी आणि माझा मोठा भाऊ. तो गोंदियाला मॅट्रिकपर्यंत शिकला, एका बिडी कारखान्यात कारकून लागला, आणि खुर्चीत गप बसायचं सोडून बिड्या वळणाऱ्यांच्या बाजूनं भांडायला लागला. संप झाला. संपाच्या दिवसांत तेंदूच्या पानांचं एक गोदाम जळालं आणि आत झोपलेला चौकीदार त्यात मेला. वारंटात पहिलं नाव भावाचं होतं.

मायनं त्याला एकदाच विचारलं, "तू होता का तेथी?" तो म्हणाला, "नोहतो." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, मीही नाही. तो तिथे नव्हता असं मी आजही मानते. पण चौकीदाराची बायको पुढे तिरोड्याच्या बाजारात मुरमुरे विकायला बसायची, आणि तिची नजर चुकवण्यासाठी मी बाजाराला मागच्या अंगानं वळसा घालायची. गावात सगळे म्हणत, पोरगा सापडला तर फासावर जाईल. माय हे ऐकायची आणि उत्तर द्यायची नाही. माझी माय उत्तर न देणारी बाई नव्हती.

भाऊ पळाला तो छत्तीसगडात. आमच्या बाजूचे कितीतरी गडी तिकडच्या धान गिरण्यांत हमालीला जायचे, त्यांच्यात हा दुसरं नाव घेऊन मिसळून गेला. जायच्या आधी तो आम्हाला तलावाच्या पाळीवर भेटला आणि मला कार्ड लिहायची एक युक्ती शिकवू लागला. कुठल्याशा पुस्तकात वाचली होती. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द उचलायचा, ते शब्द जोडले की खरी बातमी तयार. मी तिथेच गवतावर बसून नमुना लिहिला आणि वाचून दाखवला. 'पोलीस' हा शब्द ओळीच्या तोंडी यायला हवा म्हणून आमच्या बैलाच्या दुखण्यात मी एक पोलीस घातला होता.

माय म्हणाली, "असं कोन बोलते? हे वाचून तं झोपलेला जमादार बी उठून बसन."

भावाला राग आला. मॅट्रिक झालेल्या माणसाला राग लवकर येतो. "मंग तूच सांग," तो म्हणाला.

तिनं सांगितलं, आणि अगदी भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. आमच्या गावची डाक शाळेचा मास्तर सांभाळायचा, आणि वारंट निघाल्यापासून पोलीस ठाण्याचा जमादार येऊन गावातून जाणारं प्रत्येक कार्ड वाचायचा. बंद पाकीट म्हणजे तर त्याला आवतणच. तिकडे गिरणीत आलेली कार्डं मुनीम सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, कारण हमालांना वाचता येत नाही, आणि हमालाच्या सोंगात माझ्या भावालाही आता वाचता येत नव्हतं. म्हणजे दोन्ही टोकांना परकी माणसं, आणि दोघांनाही ऐकताना जांभई आली पाहिजे. आपण सगळेच कार्डाच्या सुरुवातीला लिहितो, 'येथील सर्व खुशाल'. मायनं ठरवलं, वाट मोकळी असेल तेव्हाच हे लिहायचं, म्हणजे तू घरी येऊ शकतोस. वाट मोकळी नसेल तर तेवढं गाळून घरची कुठलीही बातमी लिहायची, म्हणजे आहेस तिथे राहा. आणि पोलीस तुझ्या गिरणीच्या वासावर असले, तर माय वारली असं लिहायचं. कार्डं जायची ती त्याच्या नव्या नावावर, लांबच्या मावसभावाला लिहावीत तशी, आणि गिरणीत त्यानं सांगायचं की मला या मावशीनंच वाढवलं, तीच माझी माय.

"हे नाई," भाऊ म्हणाला.

"काऊन नाई? हमालाले सुट्टी कवा भेटते? माय मेल्यावरच ना? मुनीम सोताहून म्हनन, जाय बाप्पा. मंग तू तेथून निंग अना दुसऱ्या गिरनीत लाग."

"अना जमादारानं इचारलं तं? त्याले तू जित्ती दिसशीन."

"सांगीन त्याले, कावळा शिवला."

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर त्याचं मरण जवळ आलं असं आमच्याकडे मानतात. ते टाळायचं तर लांबच्या नातेवाइकांना तो माणूस मेल्याची खोटी बातमी धाडायची. ती माणसं मनापासून रडली की अरिष्ट टळतं, वर आयुष्य वाढतं. काही दिवसांनी खरी खबर जाते, धाडणाऱ्याला शिव्या बसतात आणि प्रकरण मिटतं. आमच्या गावातून अशी कार्डं अधूनमधून जायचीच. मायचं खोटं त्यांच्यात सहज खपणार होतं.

खपलंही. शेजारच्या गावचा एक हमाल दिवाळीला परत आला आणि दारूच्या भरात भावाबद्दल बोलून गेला. दुसऱ्याच दिवशी माय मेली, ते मी सुरुवातीला सांगितलंच. जमादारानं कार्ड वाचलं आणि सरळ आमच्या अंगणात आला. माय लाखोरीचं वरण घोटत होती.

"काऊन वो बाई, तू तं मेली म्हने?"

"कावळा शिवला बाप्पा. हितं पदरावर बसला, मेला."

जमादार हसला. त्याच्या आजीचंही असंच कार्ड एकदा गेलं होतं आणि त्याचा मामा डोकं भादरून दारात येऊन उभा राहिला होता, ती गोष्ट त्यानं आम्हाला सांगितली. जाताना पाणी पिऊन गेला. पुढे पोलिसांनी तिकडच्या गिरण्या चाळल्या तेव्हा भाऊ तिथे नव्हता. आई मेली म्हणून रजेवर गेलेल्या हमालाची चौकशी कोण करतो? महिन्याभरानं दुसऱ्या गिरणीच्या पत्त्यावरून कार्ड आलं, कुणाच्या तरी हातानं लिहिलेलं, की पाऊसपाणी ठीक आहे. माय त्या दिवशी गावभर तोऱ्यात फिरली. मरणाला चकवून आल्यासारखी.

त्यानंतरची दोन वर्षं मी साधी कार्डं लिहीत राहिले. साधं लिहिणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. पुढे मी शाळेत शिकवलं, मुलांना सांगायची साधं लिहा रे, आणि मनात म्हणायची, लिहून दाखवा बरं. फार नीटनेटकं लिहिलं तर संशय, फार तुटक लिहिलं तरी संशय. पण माझ्याकडे माय होती. ती सांगायची आणि मी उतरवायची. काळ्या गाईनं खुंटा उपटला. काका धानाच्या रोवणीत कंबर धरून बसला, सोंग करून राहिला. शेजारणीच्या कोंबडीनं आमचे पोपटाच्या शेंगांचे वेल उकरले, तिच्या सात पिढ्यांचं वाटोळं होवो. मुनीम हे सगळं मोठ्यानं वाचायचा आणि हमाल पोट धरून हसायचे, असं भावानं नंतर सांगितलं. त्यांत लपवलेलं काहीच नव्हतं. फक्त सुरुवातीला 'खुशाल' नव्हतं, आणि जे नसतं ते कोण बघतो?

माय खरोखर गेली ती भादव्यात. तापानंच. गावात घरोघरी थंडी वाजून ताप येत होता, तिला आला, आणि ती म्हणाली होती तसे चार दिवससुद्धा राहिला नाही. शेवटी ती काही शहाणपणाचं बोलली असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ती पाणी मागत होती आणि काकाला शिव्या देत होती. अग्नी काकानं दिला. पिंडाला कावळा लगेच शिवला, तेव्हा लोक म्हणाले, बाईची काही इच्छा मागं राहिली नाही. कावळ्यांना काय कळतं!

ती गेल्याच्या तिसऱ्याच दिवशी जमादार दोन शिपाई घेऊन आला होता आणि आमच्या ओसरीवर बसला. "माय मेली म्हनल्यावर पोरगा येईनच," तो म्हणाला. दुष्टपणानं नाही म्हणाला. भिंतीला टेकून, सुपारी कातरत म्हणाला. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला तो जास्तच नकोसा झाला.

आता मी लिहायचं काय? माय वारली असं लिहिलं, तर भाऊ समजणार पोलीस मागावर आहेत, आणि रजा घेऊन कुठेतरी नाहीसा होणार. मग त्याला ना मी सापडणार ना तिची बातमी. 'खरोखर वारली' लिहिलं, 'शपथ' लिहिलं, तर एखादवेळी त्याला खरं वाटेल, आणि खरं वाटलं तर तो ओसरीवरच्या शिपायांच्या मांडीवर येऊन पडेल. मी दुसरी वाक्यं शोधली. नव्हती. आपली भाषा केवढी मोठी, आणि माझ्याकडे भावाला आई मेल्याचं सांगायला एक ओळ नव्हती. मला मायचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण मी धरला. स्वतःचं मरण तिनं आधीच वापरून टाकलं होतं.

म्हणून मी तिला जिवंत ठेवलं. गावच्या पेटीत आता ती कार्डं टाकता येत नव्हती, मास्तर स्वतः तिच्या मातीला आला होता. तेरवी झाली, शिपाई कंटाळून गेले, पण जमादार आठवड्याला चक्कर मारायचा. मी बाजाराच्या दिवशी तिरोड्याला जायची आणि स्टेशनावरच्या पेटीत कार्ड टाकायची. मायचा गुडघा दुखतो. माय म्हणते या वर्षी लाखोरी दाट पेरली आहे. माय शेजारणीशी पुन्हा भांडली. लिहिताना मी तिच्याच आवाजात मनात बोलायची, आणि कार्ड संपलं की घर असं गप्प व्हायचं की मी उगाच भांडी घासायला काढायची. कधीकधी वाटायचं, ही कार्डं मी भावासाठी लिहीतच नाही. काकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं पोरगी बाजाराला फार जाते आहे, आणि तो तसं चारचौघांत बोलायचाही.

भावाची उत्तरं यायची, तिरोड्याच्या डाकघरात; कार्डावर मी आता तोच पत्ता देत होते. मावशीच्या गुडघ्याला मोहाचं तेल लावा. मावशीला सांगा भांडू नये. कार्डात तो मायला मावशी म्हणायचा.

धान कापून झालं, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली, आणि जमादाराच्या चकरा थांबल्या. धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत गावात चिटपाखरू नसतं, सगळे खळ्यावर. तेव्हा मी लिहिलं, येथील सर्व खुशाल.

तो आला तेव्हा दुपार कलली होती. मी एकटीच घरी होते. दाढी वाढलेली, खांदे हमालाचे झालेले, आणि तोंडावर लहानपणी शाळेतून सुटून यायचा तेव्हाचं हसू. त्यानं पायसुद्धा धुतले नाहीत.

"माय कोठी हाय? खळ्यावर का?"

मी सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. तो झटकन मागच्या दाराकडे वळला आणि बाहेर कानोसा घेतला. मी म्हटलं, "पोलीस नाई. कोनी नाई. खरंच मेली." मग तो उंबऱ्यावर बसला. नंतर त्यानं एकेक विचारायला सुरुवात केली.

"गुडघा दुखते म्हून लिवलं होतं."

"मेली होती."

"लाखोरी दाट पेरली म्हने."

"तवा बी मेली होती."

"शेजारनीसंग भांडली ते?"

"मेली होती."

"कोंबडीवाली शिवी?"

"ते तिची होती. ते जुनं कार्ड."

त्यानं मान हलवली, जणू हिशोबात तेवढं तरी जुळलं. मग एकदम चिडला. "मले सांगाले तुयाजवळ एक बी शब्द नोहता?"

"होता. एकच होता. तो तुमी दोघायनं तलावाच्या पाळीवर बसून खर्च करून टाकला. मले इचारलं होतं?"

मी ओरडले हे. आई मेल्याचं नुकतंच कळलेल्या माणसावर मी ओरडले, आणि ओरडून मला बरं वाटलं. मग आम्ही दोघं रडलो. मी त्याला भात वाढला, त्यानं तो खाल्ला, भूक लागली होती त्याला.

निघायच्या आधी तो म्हणाला, "वरसश्राद्धाले येतो. पिंड मी देईन. काकानं दिलेला तिले चालनार नाई." मी म्हटलं, पोलीस त्याच दिवसाची वाट बघत असतील. ती गेली तेव्हा बसले तसे पुन्हा येऊन बसतील. तो म्हणाला, बसू देत, मी रानातून येईन, नाल्यावरच पिंड देईन आणि जाईन. तो हट्टाला पेटला की मायच्याच वळणावर जायचा.

"अना तवा घरीच पोलीस बसले असले तं? काय लिवू? माय तं आता मरत नाई."

त्यानं पंचा डोक्याला गुंडाळायला घेतला. मीच म्हटलं, "मी मेली असं लिवीन."

त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "ते नाई," तो म्हणाला. "ते लिवायचं नाई." मग काय लिहायचं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. अंधार पडायच्या आत तो गेला.

भादवा आला. श्राद्धाला आठवडा असताना जमादार आला, या वेळी चार शिपाई, आणि मुक्काम आमच्याच ओसरीवर. नाल्याच्या वाटेवरही माणूस ठेवला. तिरोड्याला जायचं म्हटलं तर शिपाई सोबत निघाला, बाईमाणूस एकटी कशाला म्हणून. भाऊ येणार हे मला ठाऊक होतं, जमादाराला ठाऊक होतं, आणि मधे फक्त एक कार्ड जाईल एवढाच वेळ होता. 'खुशाल' गाळलेली साधी बातमी त्याला थांबवणार नव्हती, त्यानं येणं केव्हाच ठरवलं होतं. मी तेच लिहिलं जे मी त्याला तोंडानं सांगितलं होतं. त्यानं ऐकलं होतं, माझ्या तोंडावर हात ठेवला होता, म्हणजे नीट ऐकलं होतं. काकाच्या नावानं लिहिलं की माझी पुतणी वारली. मुद्दाम हगवणच लिहिली, म्हणजे त्याला जुनं कार्ड आठवेल. कोपरा फाडला. काकाला सांगितलं, मला कावळा शिवला. तो घाबरून लगेच आपल्या नावानं कार्ड धाडायला तयार झाला, आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझी काळजी वाटली.

जमादारानं कार्ड वाचलं. "कावळ्याले तुमचंच घर दिसते वाटते," तो म्हणाला आणि मास्तराकडे दिलं. मास्तरानं शिक्का मारला.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगायला नको. भावाला जन्मठेप झाली. सुटायच्या पुष्कळ आधी तो तुरुंगात खोकून खोकून मेला, आणि त्याचं कार्ड आलं ते सरकारी, कोपरा न फाडलेलं. गावात लोक म्हणत, बहिणीनंच पकडून दिला. म्हणोत. मी लिहिलं नसतं तरी तो नाल्यावर आलाच असता आणि सापडला असता. मी चुकले असं मला कधी वाटलं नाही, आणि त्यामुळे काही फरकही पडला नाही. एकदा तुरुंगात भेटायला गेले तेव्हा मी त्याला विचारलं, तुला समजलं कसं नाही? तो म्हणाला, "समजलं होतं. मुनीम वाचत होता तवाच समजलं होतं. मंग वाटलं, मायच्या येळेस बी मी असंच समजलो असतो अना घरी आलो नसतो. दोन येळा न येता कसा राहू?"

तो आला तो रानातून नाही, नाल्यावरून नाही. श्राद्धाच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, गावच्या मधल्या गल्लीतून आला. दाढी भादरलेली नव्हती, नाव बदललेलं होतं, पण रडणं त्याचं स्वतःचं होतं. "माही बाई गेली वो," असं म्हणत, छाती पिटत येत होता. बाई म्हणजे मी, लहानपणापासून तो मला बाईच म्हणायचा. बाया दारात आल्या. सगळ्यांना वाटलं असेल याला वेड लागलं. ओसरीवर शिपाई जेवत होते. ते उष्ट्या हातानं उठले. मी आत श्राद्धाचे वडे थापत होते, आवाज ओळखला आणि तशीच बाहेर धावले, हात पिठाचे.

त्यानं मला बघितलं. रडणं थांबलं. जमादारानं त्याचा दंड धरला होता, दुसरा शिपाई दोरी सोडत होता, आणि तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. मी त्याच्यावर ओरडणार होते, पळ म्हणणार होते, काय म्हणणार होते कोण जाणे. तो हसला.

"जित्ती हायस ना वं बाई," तो म्हणाला. "जित्ती हायस."